वागळे इस्टेट आणि सार्वजनिक प्राथमिक शाळा : १९६२ मधील तीन व्यवस्थांचा विचार

१

महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात इ. स. १९६२ हे वर्ष प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावे असे आहे. त्या वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, १ ऑगस्ट रोजी, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झालेल्या समारंभाने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास प्रारंभ झाला. याच वर्षीच्या एका कायद्याने राज्यात शिक्षण उपकरही लागू करण्यात आला. पहिल्या व्यवस्थेने शाळा चालवावयाच्या, दुसरीने कारखान्यांसाठी जमीन सिद्ध करावयाची आणि तिसरीने शिक्षणासाठी पैसा उभा करावयाचा, अशी ही योजना होती. तिन्ही व्यवस्था एकाच राज्यशासनाने, एकाच वर्षाच्या आत कार्यान्वित केल्या. परंतु या तिघींची परस्परांशी गाठ घालून देणारी तरतूद मात्र त्यांपैकी कोणत्याच व्यवस्थेत नव्हती.

औद्योगिक वस्त्यांतील सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या अडचणींची चर्चा करताना दोष बहुधा शिक्षकाच्या किंवा पालकाच्या माथी मारला जातो. शिक्षक मन लावून शिकवीत नाही, पालकास मुलाच्या शिक्षणाची आस्था नाही, ही दोन विधाने गेली शंभर वर्षे अहवालांतून पुनःपुन्हा आढळतात. ती सर्वस्वी निराधार आहेत असे नाही. तथापि वागळे इस्टेट आणि तिच्या भोवतीच्या वस्त्यांचा इतिहास पाहता असे दिसते की, अडचणीचे मूळ याहून खोल आहे. माणसे आणणारा एक, त्यांची मुले शिकवणारा दुसरा आणि त्यासाठी कर घेणारा तिसरा, अशी जबाबदारीची फाळणी येथे झालेली आहे. या फाळणीचा उगम आणि तिचे परिणाम तपासून त्यावरील उपायांची दिशा सुचविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

ही फाळणी १९६२ मध्ये प्रथमच घडली असे नव्हे. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेण्यास आरंभ झाला आणि त्यातील एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने या उपकरास वैधानिक रूप मिळाले. कर शेतकऱ्याने द्यावा आणि शाळा सरकारी शिक्षणखात्याने चालवावी, अशी ती रचना होती. १८८४ च्या कायद्यांनी शाळांचा कारभार स्थानिक मंडळे व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्यात आला. मात्र तपासणी, अभ्यासक्रम आणि अनुदानाच्या अटी शिक्षणखात्याच्याच हाती राहिल्या.

या संक्रमणाच्या तोंडावर, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे केलेले निवेदन आजही विचार करावयास लावणारे आहे. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही त्यांची मागणी सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यांच्या दुसऱ्या एका सूचनेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, परंतु त्या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी नगरपालिकांच्या स्वाधीन करू नये व त्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी, असे त्यांचे म्हणणे होते. खर्चाची जबाबदारी आणि कारभाराचा अधिकार ही दोन वेगळी सूत्रे असून ती कोणाच्या हाती द्यावयाची हे विचारपूर्वक ठरविले पाहिजे, याची स्पष्ट जाणीव या सूचनेत आहे. नगरपालिकांत त्या काळी ज्या वर्गाचे वर्चस्व होते तो वर्ग श्रमिकांच्या मुलांसाठी आपण होऊन शाळा काढील, असा फुल्यांचा विश्वास नव्हता.

पुढील कायद्यांचा इतिहास म्हणजे ही दोन सूत्रे पुढेमागे ओढण्याचा इतिहास होय. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मांडलेले विधेयक स्थानिक संस्थांना सक्तीचा अधिकार देऊ पाहत होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शिक्षण मंडळांकडे मोठ्या प्रमाणावर गेला. १९३८ च्या दुरुस्तीने आणि नंतर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यातील बराचसा अधिकार शासनाने पुन्हा आपल्याकडे घेतला. या शेवटच्या कायद्याने नगरपालिकांचे 'अधिकृत' आणि 'अनधिकृत' असे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील नगरपालिकांनी स्वतःचे शिक्षण मंडळ ठेवून शाळा चालवावयाच्या होत्या, तर दुसऱ्या वर्गातील नगरपालिकांच्या हद्दीतील शाळा जिल्हा शिक्षण मंडळाकडे राहावयाच्या होत्या.

या सर्व कायद्यांत एक गृहीत समान होते. गाव किंवा शहर आधीपासून अस्तित्वात आहे, त्याची लोकसंख्या ठाऊक आहे, तेथील करदाता आणि तेथील पालक ही एकाच समाजातील माणसे आहेत, असे ते गृहीत होय. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात, तसेच शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण लागू केले, तेव्हा त्यांच्यापुढे अशाच स्थिर वस्तीचे चित्र होते. जी वस्ती अद्याप वसावयाची आहे, जिचे रहिवासी पुढील दहा वर्षांत अन्य जिल्ह्यांतून व प्रांतांतून येणार आहेत, तिच्या शाळेची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न या कायद्यांपुढे उभाच राहिला नव्हता. वागळे इस्टेटने तो उभा केला.

३

महामंडळाच्या मूळ कायद्यात, म्हणजे १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमात, 'सुखसोयी' या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे. रस्ते, पाणी व वीज यांचा पुरवठा, रस्त्यांवरील दिवे, सांडपाण्याचा व मैल्याचा निचरा, साफसफाई आणि शासन अधिसूचनेने ठरवील अशा अन्य सोयी यांचा तिच्यात समावेश होतो. शाळेचा उल्लेख या यादीत नाही. 'अन्य सोयी' या शब्दांत तिला जागा होऊ शकली असती, पण नावाने ती सांगितलेली नव्हती. कारखान्यास यंत्र चालविण्यासाठी जे जे लागते त्याची मोजदाद कायद्याने केली. ते यंत्र चालविणाऱ्या माणसास कुटुंब असते, ही गोष्ट त्या मोजदादीबाहेर राहिली.

हे दुर्लक्ष त्या काळच्या विचारपद्धतीस अपरिहार्य होते असे म्हणता येत नाही. १९५१ च्या मळा-कामगार कायद्यात मळ्यावरील कामगारांची सहा ते बारा वर्षांची मुले पंचवीसहून अधिक असल्यास त्यांच्या शिक्षणाची सोय करणे मालकावर बंधनकारक करण्याचा अधिकार राज्यशासनांना दिलेला होता. उलट १९४८ च्या कारखाने कायद्याने मालकावर फक्त पाळणाघराचे बंधन घातले होते. तेही पन्नासाहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यापुरते होते (१९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीस झाली). आसाममधील चहाच्या मळ्यावर मालक आणि वस्ती यांचा संबंध उघड दिसत होता, म्हणून तेथे शाळेची जबाबदारी त्याच्याकडे बोट दाखवून सांगता आली. औद्योगिक वसाहतीत भूखंड महामंडळाचा, कारखाना भाडेपट्टेदाराचा आणि कामगाराची खोली तिसऱ्याच कोणाच्या चाळीत, असा प्रकार असल्यामुळे ती जबाबदारी कोणाच्याच नावावर चढली नाही.

परिणाम भूगोलात दिसू लागला. आखीव रस्त्यांच्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या भूखंडांच्या भोवती किसननगर, श्रीनगर, रामचंद्रनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर अशा दाट वस्त्या वाढत गेल्या. १९६१ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. २०११ मध्ये ती १८ लाखांवर गेली. या दोन आकड्यांच्या दरम्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली व आजूबाजूची गावे तिच्यात आली, हे ध्यानात घ्यावयास हवे. तथापि हद्दवाढीचा भाग वजा केला तरी वाढीचा वेग लहान नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा होता, यात संशय नाही.

अशा वस्तीत शाळेसाठी पैशापेक्षाही जागेची अडचण मोठी ठरते. जी चाळ नकाशावर नाही तिच्यासाठी शाळेचा भूखंड नकाशावर असण्याचे कारण नसते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षण ठेवण्याची सोय केली. परंतु त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने सूचना दिल्यानंतर विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास ते आरक्षण रद्द होते. मालकाच्या हक्काच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. शाळेच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की, संपादनासाठी पैसा नसलेल्या संस्थेच्या आराखड्यातील शाळा कालांतराने कागदावरूनही पुसली जाऊ शकते.

पैसा मुळीच नव्हता असेही नाही. १९६२ चा शिक्षण उपकर शहरांतील जमिनी व इमारतींवर बसविण्यात आला. स्थानिक संस्था तो मालमत्ताकराबरोबर वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. औद्योगिक वसाहतीतील इमारतींवर शिक्षणाच्या नावाने कर आकारला जातो, पण तो कर आणि शेजारच्या वस्तीतील शाळा यांच्यात हिशेबाचा सरळ धागा नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे वेतन राज्यशासन देते. महापालिकेस आपल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्वतःच्या उत्पन्नातून उचलावा लागतो. त्यामुळे महापालिकेच्या अंदाजपत्रकात शाळा ही पाणी, रस्ते व गटारे यांच्याशी स्पर्धा करते, आणि या स्पर्धेत तिचा आवाज बहुधा क्षीण असतो.

हद्दींच्या अस्थैर्याने या प्रश्नात आणखी भर पडते. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत १९८३ मध्ये महापालिकेत आलेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अशा प्रत्येक फेरबदलाबरोबर गावातील शाळा कोणाची, तिची दुरुस्ती कोणी करावयाची, शिक्षक कोणाच्या आस्थापनेवर, हे प्रश्न नव्याने उद्भवतात. मुलाच्या शिक्षणाची वर्षे मात्र त्यांच्या निकालासाठी थांबत नाहीत.

४

आता शाळेच्या आतील अडचणींकडे वळता येईल. त्या वरील फाळणीपासून स्वतंत्र नाहीत, हेच येथे दाखवावयाचे आहे.

पहिली अडचण पटसंख्येची. हार्टोग समितीने १९२९ च्या अहवालात 'गळती' आणि 'स्थगिती' या दोन संज्ञा रूढ केल्या. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ मुले चौथीत पोचली होती, असे तिने दाखविले. समितीचा निष्कर्ष असा की, शाळांची संख्या वाढविण्यापूर्वी असलेल्या शाळा सुधाराव्या. औद्योगिक वस्तीत गळतीचा अर्थ वेगळा असतो. कारखाना बंद पडला, भाडे वाढले, घर पाडले गेले किंवा गावाकडे शेतीचे काम निघाले की कुटुंब हलते. मुलाचे नाव एका हजेरीपटावरून कमी होते आणि ते दुसऱ्या पटावर चढलेच असे नाही. १९९० नंतर वागळे इस्टेटमधील अनेक कारखाने बंद झाले वा अन्यत्र गेले आणि त्यांच्या जागी संगणकव्यवसायाची कार्यालये उभी राहिली. त्याबरोबर नियमित कामावर असलेल्या कामगाराची जागा कंत्राटी मजूर, सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांनी घेतली. या कुटुंबांचा मुक्काम अधिकच अनिश्चित असतो.

दुसरी अडचण शिक्षकाच्या वेळेची. एका इमारतीत सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांत शाळा भरते, तेव्हा एका वर्गाने दप्तर आवरावयाच्या आत दुसरा दारात उभा असतो. मागे पडलेल्या मुलास थांबवून घेण्यास जागा उरत नाही. त्यातच शासनाची जी जी मोजणी असते ती शिक्षकाकडे येते, कारण वस्तीत शासनाचा सर्वांत सहज सापडणारा नोकर तोच असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकास देण्यास मनाई केली. परंतु हे तीन अपवादच पुरेसे व्यापक आहेत. मतदारयाद्यांचे काम तर निवडणुकीच्या दिवसापुरते संपत नाही.

तिसरी अडचण शिक्षकाच्या नेमणुकीची. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना सुरू झाली. प्राथमिक शिक्षणसेवकास तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काम करावे लागे. ते मानधन पुढे ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. पैशाची तूट शिक्षकाच्या वेतनातून भरून काढण्याचा हा मार्ग होता. ठाण्यासारख्या महागड्या शहरात अशा मानधनावर शाळेजवळ बिऱ्हाड करणे शक्य नसते. ज्या वस्तीची मुले शिकवावयाची त्या वस्तीपासून शिक्षक दूर राहतो, आणि मग पालक व शिक्षक यांची भेट दाखल्यापुरती उरते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. सार्वजनिक शाळा ओस पडण्याचे खरे कारण इंग्रजी माध्यमाची ओढ हे आहे, असे म्हटले जाते. ही ओढ आहे, आणि ठाणे महापालिकेने स्वतःही इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढलेले आहेत. परंतु तुटपुंज्या कमाईतून शुल्क भरून मुलास खाजगी शाळेत घालणाऱ्या पालकास शिक्षणाची आस्था नाही, हे विधान त्याच क्षणी खोटे ठरते. तो जे विकत घेतो त्यात भाषेइतकाच शाळेच्या स्थैर्याचाही वाटा असतो. वर्गाला वर्षभर एकच शिक्षक मिळेल, शाळा उद्या दुसऱ्या इमारतीत हलविली जाणार नाही, याची ती किंमत असते. हे स्थैर्य सार्वजनिक शाळेस देता आले तर माध्यमाचा प्रश्न नाहीसा होणार नाही, पण त्याची धार कमी होईल.

५

उपायांचा विचार परक्या नमुन्यांवरून करण्याची आवश्यकता नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच त्याची उदाहरणे घडलेली आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हे त्यांचे व अनुताई वाघ यांचे सूत्र होते. त्यातून वस्तीच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निर्माण झाली. वीटभट्टीवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात याच जिल्ह्यात भोंगाशाळा चालविल्या.

वागळे इस्टेटच्या अगदी उंबरठ्यावर, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, २०१६ मध्ये ठाणे महापालिका व समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. दुष्काळी भागांतून आलेल्या आणि चौकात वस्तू विकणाऱ्या कुटुंबांची मुले तेथे मालवाहू कंटेनरमध्ये मांडलेल्या वर्गांत शिकू लागली. कोसबाडचे कुरण आणि ठाण्याचा चौक यांत अंतर पुष्कळ आहे, पण सूत्र तेच आहे. मात्र या प्रयत्नांचे कौतुक करताना त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. संस्थेच्या निष्ठेवर एक शाळा उभी राहते, परंतु एका शहराच्या सर्व शाळा केवळ निष्ठेवर चालत नाहीत. अशा प्रयोगांचे खरे मोल, सार्वजनिक यंत्रणेने काय करावयास हवे होते हे ते दाखवून देतात, यात आहे.

ते काय असावे, याचे उत्तर १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यात बऱ्याच अंशी दिलेले आहे. पूर्वीच्या कायद्यांत सक्ती पालकावर होती आणि मूल शाळेत न पाठविल्यास दंड त्यास होई. या कायद्याने कर्तव्याची दिशा पालटून ते शासन व स्थानिक संस्था यांच्याकडे आणले. हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही नवव्या कलमाने स्थानिक संस्थेची कर्तव्ये ठरतात. वागळे इस्टेटसारख्या भागात या दोन कर्तव्यांचे पालन म्हणजे वर्षातून एकदा जूनमध्ये प्रवेश देणे नव्हे. घरमालक, मुकादम आणि कंत्राटदार यांच्याकडून वर्षभर माहिती घेऊन चालता ठेवलेला पट, आणि मूल हलले की ते ज्या शाळेत जाईल तेथपर्यंत त्याचा माग ठेवणारा एक जबाबदार कर्मचारी, एवढी व्यवस्था त्यासाठी लागेल. हे काम शिक्षकाच्या गळ्यात घातल्यास एक अडचण सोडविताना दुसरी वाढेल.

पैशाच्या बाबतीत १८६३ च्या एक आणा उपकराचे तत्त्व पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे. त्यात अन्याय पुष्कळ होता, परंतु कराचा किती भाग शाळेकडे जातो हे सांगता येत होते. महापालिका-क्षेत्रात वसूल होणाऱ्या शिक्षण उपकराचा निश्चित वाटा त्याच क्षेत्रातील सार्वजनिक प्राथमिक शाळांसाठी राखून त्याचा हिशेब दरवर्षी शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवला, तर १९६२ मध्ये सुटलेली एक गाठ बांधली जाईल. या समित्यांचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे. पाळीने काम करणारा पालक बैठकीस येऊ शकेल अशी वेळ ठेवणे ही लहानशी, पण निर्णायक गोष्ट आहे. १८८२ मध्ये फुल्यांना नगरपालिकेच्या सभागृहात जो श्रमिक पालक दिसत नव्हता, त्याला बसण्यासाठी आज निदान ही एक जागा कायद्याने मोकळी ठेवली आहे.

जमिनीचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. जून २०२३ मध्ये किसननगर परिसराच्या समूह पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. जुन्या चाळी व इमारती जाऊन त्यांच्या जागी उंच इमारतींची आखीव वस्ती उभी करण्याची ही योजना आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, साठ वर्षांनंतर त्याच भूमीवर पुन्हा एकदा कोरा नकाशा पसरला जात आहे. या वेळी रस्ता, पाणी, वीज व निचरा यांच्या ओळीत शाळेचे नाव लिहिले जाते की नाही, यावर पुढील दोन पिढ्यांचे प्राथमिक शिक्षण अवलंबून राहील. बांधकामाच्या वर्षांत संक्रमण-शिबिरांत राहणाऱ्या मुलांसाठी पहिल्या दिवसापासून वर्ग भरविणे, आणि नव्या इमारतींत बिऱ्हाडे येण्यापूर्वी शाळेची इमारत पूर्ण झालेली असणे, या दोन अटी योजनेच्या टप्प्यांनाच जोडल्या पाहिजेत. इमारतीचा भोगवटा दाखला शाळेच्या पूर्ततेशी बांधणे हा त्याचा सरळ मार्ग आहे.

सारांश, वागळे इस्टेटच्या शाळांचा प्रश्न हा मुख्यतः शाळेबाहेर निर्माण झालेला प्रश्न आहे. शिक्षकाचे प्रशिक्षण, नवी पाठ्यपुस्तके आणि तपासणी यांची आवश्यकता आहेच, परंतु जमीन, शाळा आणि कर यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत राहतील तोवर या उपायांचे फळ अपुरेच मिळेल. १९६२ मध्ये या वह्या वेगळ्या झाल्या, त्या कोणाच्या दुष्टाव्याने नव्हेत. कारखान्याबरोबर मूलही येते, एवढी साधी गोष्ट त्या वेळी हिशेबात धरली गेली नाही. आज ती ठाऊक नाही असे कोणासही म्हणता येणार नाही.